एक्केचाळीस नंबरची पट्टी

मारोतरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भांडारात उभे राहून एका सतरंजीचा वास घेत होते. जाता जाता सहज घेतात तसा नव्हे. नाक खुपसून, डोळे मिटून, चांगला तब्येतीत. मी त्याच सकाळी टायपिस्ट म्हणून संस्थेत रुजू झाले होते. मनात म्हटलं, झालं! कुठे येऊन पडलो आपण. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "ही गेली बाई. वरून साजरी दिसून राह्यली, पण आतून गेली." मग सतरंजीचं टोक दोन्ही हातांनी जरासं ओढलं. ते टर्रकन फाटलं.

"थकलो बावा," असं म्हणून ते पुढच्या गठ्ठ्याकडे वळले. तेव्हा सकाळचे आठ वाजले होते.

हे "थकलो बावा" पुढे कितीतरी वर्षं मी रोज ऐकलं. इतर माणसं काम झाल्यावर थकतात, मारोतराव कामाला हात घालायच्या आधी थकत. छत्री खुंटीला लावली की थकलो बावा, चष्मा पुसला की थकलो बावा, आणि मग कामाला जे बसत ते दुपारी जेवायला हलवून उठवावं लागे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, अजून काही केलं तरी का तुम्ही?" तर म्हणाले, "नाई केलं म्हून त थकलो. केलं असतं त संपलं नसतं काय?" कपाळ माझं!

आमची संस्था वर्ध्याच्या बाहेर, नालवाडीच्या बाजूला होती. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, लांब पडव्या, आवारात कडुनिंब आणि सगळं काम हातानं. सूत हातानं, विणणं हातानं, पहाटेची आवार-सफाई सगळ्यांनी मिळून हातानं. आम्ही दोसुती विणत असू, म्हणजे दुहेरी सुताचं जाड कापड, तंबूंना लागतं ते. ते विणण्यात आमच्या लोकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण पावसाळ्याचे चार महिने त्याच्यावर बुरशी चढे आणि दिवाळीपर्यंत अर्धं भांडार निकामी होई. अशात सरकारच्या एका खात्यानं कळवलं की बुरशी न खाणारी दोसुती देत असाल तर दरसाल तंबूंचं कापड तुमच्याकडूनच घेऊ. झालं, सगळी संस्था त्या एका पत्राकडे डोळे लावून बसली. विणकर, सूत कातणाऱ्या बाया, सगळ्यांचं पोट त्यावर अवलंबून होतं. म्हणून आर्वीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या मारोतरावांना बोलावून आणलं. त्यांनी बुरशी मारणारं औषध शोधायचं आणि मी त्याचे अहवाल इंग्रजीत टाइप करायचे.

ते देवळीकडच्या शेतकरी घरातले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नालवाडीत एक खोली घेऊन राहत. माणूस डावरा. डाव्या हाताचं त्यांचं अक्षर सगळं एका बाजूला कललेलं, वाचताना माझी मान दुखायची. पण जेवत मात्र उजव्या हातानं. मी विचारलं तर म्हणाले, "माय म्हने, लिवाचं त कायनंबी लिव. पण अन्नाले डावा लावशीन त उपाशी ठेवीन. अन् ठेवलंबी होतं तिनं एक दिवस." हे सांगताना ते असे हसले की जणू उपाशी राहिल्याचं त्यांना अजून कौतुकच होतं.

त्यांची काम करायची रीत साधी होती. दोसुतीच्या हातभर लांब पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी एकेका औषधात भिजवून वाळवायची, तिला नंबर द्यायचा आणि मागच्या अंगणात शेणखत घातलेल्या ओल्या मातीत पुरायची. मातीत बुरशी आपली वेगळी सोडायची. महिन्या-दोन महिन्यांनी पट्टी काढायची, धुवायची, भिंतीवरच्या खुंटीला बांधायची आणि खालच्या टोकाला तराजूची वजनं अडकवत जायचं. किती वजनावर तुटते ते मी लिहून घ्यायचं. साधी, औषध न लावलेली पट्टी वजन लावण्याआधीच हातात यायची. कोणी विचारलं की अमुक औषध लागू पडेल का, तर मारोतराव म्हणत, "जमिनीले विचारू." त्यांना घाई म्हणून कसली नव्हती. घाई आम्हाला होती.

तर ही बुरशी. मारायची म्हणजे आधी जगवायला हवी, हे आमच्या लोकांच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. मारोतरावांनी खोलीच्या फळ्यांवर मडकी मांडून ठेवली होती. आत ओल्या चिंध्या आणि त्यांवर काळी, हिरवी, राखी बुरशी. तिला ते "पाहुणी" म्हणत. रोज पाणी शिंपडायचं, झाकण किती उघडं ठेवायचं ते ठरवायचं. माझ्या दोन मुलींचे मी एवढे लाड केले नसतील. एकदा ते चार दिवस गावाला गेले आणि तेवढ्यात प्रशिक्षणाला नव्या मुली आल्या. पहाटेच्या सफाईत त्या पोरींनी ती खोली उघडली. अगंबाई, केवढी घाण! बिचाऱ्यांनी सगळी मडकी सोड्यानं घासली, चिंध्या जाळल्या, मडकी उन्हात वाळवून एका ओळीत पालथी ठेवली आणि दारात रांगोळी काढली. मारोतराव परत आले, दारात उभे राहिले. आठ महिन्यांची जोपासलेली बुरशी होती ती. पोरी कौतुकाची वाट पाहत उभ्या.

"रांगोळी साजरी काढली," मारोतराव म्हणाले आणि ओट्यावर बसले. "थकलो बावा."

मग त्यांनी काय करावं? पिशवी घेतली आणि सिंदी मेघेपासून नालवाडीपर्यंत घरोघर बुरशी मागत फिरले. "बाई, तुमच्या घरी बुरशी लागलेलं कापड हाय काय?" अहो, कोणती बाई हो म्हणेल? एकीनं तर, "माह्या घरात बुरशी? तुमच्या तोंडाले लागली असन!" म्हणून पाणी फेकलं. एरवी भाजी मागितली तर टोपलीभर देतील अशा या बाया, पण बुरशीचं नाव काढलं की दार बंद. तीन दिवस फिरून ते रिकामी पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. माझ्या ट्रंकेच्या तळाशी आईच्या हातची गोधडी होती. दोन पावसाळे मी ती काढलीच नव्हती आणि तिचं काय झालंय ते मला ठाऊक होतं. कोणाला बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि कोणी बघत नाही असं पाहून त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. चेहरा एकदम उजळला.

"वा बाई वा! काय जबर जात हाय!"

"हळू बोला हो," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ती बुरशी त्यांच्या वहीत "बाईंचं वाण" झाली. अहवालात मला माझ्याच हातानं ते टाइप करावं लागे. आणि खरंच सांगते, ती इतकी चिवट निघाली की बऱ्याच औषधांना तिनं खाऊन टाकलं.

सतरा नंबरचं औषध तिला पहिल्यांदा पुरून उरलं. हिरडा आणि बाभळीची साल उकळून त्या पाण्यात कापड मुरवायचं आणि वाळल्यावर मोरचुदाच्या पाण्यातून काढायचं. सगळं इथलंच, गरिबाला परवडणारं, हातालाही काही होत नसे. फक्त कापडाचा रंग चहाच्या फडक्यासारखा होई. नागपूरहून साहेब आले. त्यांनी पट्टी चिमटीत धरली. म्हणाले, एकच पावसाळा निघतो यानं, आम्हाला तीन हवेत, आणि हा रंग चालणार नाही, कापड पांढरं हवं.

"साहेब, तंबूचं काय लगीन लावाचं हाय?" मारोतराव म्हणाले.

साहेब हसले नाहीत. आमचे मंत्रीजीही हसले नाहीत. मंत्रीजी म्हणजे सरकारातले नव्हेत, संस्थेच्या सेक्रेटरींना आमच्याकडे तसं म्हणत. साहेब गेल्यावर ते मारोतरावांना म्हणाले, "आता पांढरं." आणि मारोतराव पुन्हा अठरा नंबरपासून सुरू झाले.

एक्केचाळीसपर्यंत यायला दीड वर्ष गेलं. मुंबईहून एक पांढरी भुकटी मागवली होती, पाऱ्यापासून केलेली. तिच्या पाण्यात कापड बुडवून पिळलं की झालं. रंग नाही, वास नाही. पट्टी दोन महिने बाईंच्या वाणासोबत जमिनीत होती, वर पाऊसही भरपूर झाला होता. काढली, धुतली, तर कालच मागावरून उतरवल्यासारखी. खुंटीला बांधली. एकेक वजन चढत गेलं. वजनं संपली तेव्हा कोणीतरी पाण्यानं भरलेली बादली अडकवली. पट्टी तुटली नाही, खुंटी निघाली! मंत्रीजींनी सगळ्या पडव्यांत गूळ वाटला. विणकर येऊन त्या पट्टीला हात लावून जात होते. मला आपलं उगाच रडू आलं. दीड वर्ष नुसत्या तुटलेल्या पट्ट्यांची वजनं टाइप केली होती मी.

मारोतराव पट्टी नाकाशी धरून बसले होते. मी म्हटलं, "आता कसला वास घेता? जिंकलात की!"

"वास नाई ना बाई," ते म्हणाले. "जिले वास नाई थे चीज मले समजत नाई."

खात्यानं मोठा नमुना मागवला. सिमेंटचा हौद बांधला, नालवाडीच्या पाच बाया कामाला लागल्या. कापडाचं अख्खं ठाण बुडवायचं, हातांनी दाबायचं, पिळायचं, वाळत घालायचं. त्यांची म्होरकी सरजाबाई. पदरी तीन लेकरं, नवरा असून नसल्यासारखा, आणि तोंड असं की मंत्रीजीही वळसा घालून जात. मला म्हणायची, "बाई, तुमी त दिवसभर खुर्चीवर बसून टकटक करता, अन् पगार आमच्या दुप्पट. मलेबी शिकवा नं टकटक."

मारोतरावांनी पहिल्या दिवशीच रबरी हातमोजे मागितले. मंत्रीजींना ते पटलं नाही. मंत्रीजी वाईट माणूस नव्हते, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. त्यांचं म्हणणं असं की हात हीच आपली पुंजी. हात आणि काम यांच्या मधे रबर आलं की ते श्रम कसले? एवढं बोलून थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाह्या वर करून स्वतः हौदावर आले, पाव तास ठाणं पिळली, आणि हात वर करून दाखवले. "पाहा, मला काही झालं?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पाव तासानं काय होणार आहे! मारोतरावांनी शेवटी नागपूरहून दोन जोड आणले आपले आपणच, डॉक्टरी मोजे. जाड दोसुती पिळता पिळता दोन दिवसांत फाटले.

मग पावसाळा आला. एका दुपारी मारोतराव पडवीतून चालले होते. बाया जेवायला बसल्या होत्या. सरजाच्या पुढ्यात भाकर होती आणि शेजारची बाई ती मोडून देत होती. मारोतराव थांबले.

"काऊन वं सरजा, तुले नाई मोडता येत काय?"

"येते ना. पण मिरची झोंबते बोटाले."

"दाखव हात."

"राहू द्या मास्तर. जेवून राह्यली मी."

"दाखव म्हनतो ना."

तिनं हात पुढे केला. मी मागेच होते, मला दिसला. बोटांची साल गेलेली, पेरांना भेगा, दोन नखं मुळातून सुटलेली. बाकीच्या चौघींनी आपले हात हळूच पदराखाली घेतले. सरजा म्हणाली, "होते असंच. उन्हाळ्यात टाचा नाई फुटत काय? त्याले काय इतकं पाहाचं!"

ते तडक मंत्रीजींकडे गेले. मंत्रीजी म्हणाले, पावसाळा आहे, दिवसभर पाण्यात हात, धुणं धुणाऱ्या बायांचे हात पाहा, तसेच होतात. औषधानं झालं कशावरून? सवाल शास्त्राचा होता आणि मारोतरावांना शास्त्राचा सवाल टाळता येत नसे. परत येऊन खोलीत बसले. त्या दिवशी "थकलो" म्हणाले नाहीत. म्हणाले, "हे जमिनीले विचारता येत नाई बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरजाला साध्या पाण्याच्या हौदावर घातलं. काम तेच, मजुरी तीच, फक्त पाण्यात औषध नाही. आणि तिच्या जागी स्वतः बसले. उजवा हात औषधात. का, तर डावा लिहायला लागतो. ती बुडवी तेवढा वेळ, ती पिळी तेवढी ठाणं. रोज संध्याकाळी डाव्या हातानं वहीत उजव्या हाताचं टिपण. लाली. खाज. साल. भेग. मी भांडले. "अहो, आठ दिवस झाले, कळलं की आता! काढा हात!" तर म्हणाले, "आठ दिवसाचं साहेब मानत नाई. बाया चार महिने करून राह्यल्या." मी म्हटलं, "तुम्हाला वेड लागलंय." ते म्हणाले, "असन." रागानं मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसेल.

दोन महिने त्यांनी असं केलं. सरजाचे हात साध्या पाण्यात भरून आले, नवी नखं फुटू लागली. मारोतरावांचा हात चिघळला, ताप आला, वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन चिरा द्यावा लागला. बरा झाला, पण बोटं नीट मिटेनात आणि हात थरथरू लागला.

अहवाल झाला. बारा पानं. एक्केचाळीस नंबर बुरशीला पूर्ण अटकाव करतो, हे त्यात होतं. आणि शेवटी एक परिच्छेद होता: हे औषध उघड्या हातांनी वापरणाऱ्याच्या हातांना इजा करतं, साध्या पाण्यानं तसं होत नाही, म्हणून आहे त्या रीतीनं ते वापरण्याची शिफारस मी करत नाही. मंत्रीजींनी मला आत बोलावलं. बसा म्हणाले. कधी बसा म्हणत नसत. "बाई, खात्यानं विचारलंय की बुरशी लागते का. नाही लागत. मग हा शेवटचा भाग प्रश्नाला सोडून नाही का? खोटं काही लिहायचं नाही. फक्त हा भाग नको." कितीतरी घरांचं पोट आहे यावर, असंही म्हणाले आणि ते खरंच होतं.

मी तो भाग गाळून सहा प्रती टाइप केल्या. माझ्या घरी सासू अंथरुणाला होती, दोन मुली शाळेत होत्या, मिळवणारी मी एकटी. सबब म्हणून सांगत नाही. खरं तर सबब म्हणूनच सांगते आहे.

मारोतराव सही करायला आले. त्यांनी शेवटचं पान वाचलं. मग दुसऱ्या प्रतीचं शेवटचं पान वाचलं. मग सहाही. मी यंत्राची फीत उगाच काढून पुन्हा बसवत होते. त्यांनी दौत मागितली, टेबलाच्या कडेला कागद सरकवून उभ्या उभ्या, आपल्या त्या तिरक्या डाव्या अक्षरात, सहाही प्रतींवर तो परिच्छेद इंग्रजीत लिहून काढला. उजवा हात कागद दाबायला ठेवला होता, तो कापे आणि कागद हले. मी धरायला हवा होता. मला हात पुढे करायची लाज वाटली. सहावी प्रत झाली, त्यांनी टाक पुसला आणि म्हणाले, "थकलो बावा." काम संपल्यावर हे म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग दारातून वळून म्हणाले, "टाइप साजरं झालं बाई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंत्रीजींनी ते कागद फाडले नाहीत. खोटं करायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि आता ते लिहिलं गेलं होतं. दिवसभर ते टेबलावर पडून होते, संध्याकाळी त्यांनी स्वतःच पाकिटात घातले. खात्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. सतरा नंबर आधीच नापसंत, एक्केचाळीस स्वीकारता येत नाही, प्रकरण बंद. महिन्याभरात हौद उपसून टाकला, पाची बायांना घरी बसवलं. पुढे कित्येक मागही थांबले. औषधाचं कामच राहिलं नाही म्हणून मारोतरावांनाही मोकळं केलं. निरोपसमारंभ नाही, काही नाही.

ते सामान बांधत होते तेव्हा सरजा आली. मी वह्या मोजून घ्यायला तिथेच होते. दारात उभी राहून ती म्हणाली, "मास्तर, कोनं सांगतलं होतं तुमाले?"

मारोतरावांनी हातातली वही खाली ठेवली.

"माह्या हाताचं तुमाले काय पडलं होतं? हात माहे होते ना? जळले त जळले असते! आता लेकरायच्या तोंडात काय तुमचा कागद घालू?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मारोतराव खाली पाहत होते, तिच्या हातांकडे. मग म्हणाले, "हात तुह्येच होते सरजा. माही चूक झाली." कसली चूक, ते त्यांनी सांगितलं नाही. ती थुंकून निघून गेली. मला वाटतं, त्या दिवशी त्या दोघांत बरोबर कोण ते मला सांगता आलं नसतं, आणि आजही येत नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. नालवाडी हाकेच्या अंतरावर, पण चार वर्षं पाय वळला नाही. मान वर करून काय बोलणार होते मी? मग एकदा कळलं की मारोतराव बरेच थकलेत, बाहेर पडत नाहीत. एका रविवारी दुपारी गेले.

खोली तीच. मागच्या अंगणात लाकडाच्या पेट्यांत ओली माती आणि तिच्यातून पट्ट्यांची टोकं वर आलेली. मला पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही. "या बाई. तुमची पाहुणी जित्ती हाय," म्हणाले आणि फळीवरचं मडकं दाखवलं. आईच्या गोधडीची चिंधी आत होती. सतरा नंबरचा तो रंग उतरवता येतो का, ते बघत होते. कोणी मागितलं नव्हतं, कोणी घेणार नव्हतं. मी म्हटलं, "कोणासाठी करता हे?" तर म्हणाले, "आता सोडून काय करू?" आवाज अगदी बारीक झाला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं आता पार आखडून वाकडी झालेली, तो आपला आपण हलत होता.

मी जे मनात घोकून गेले होते ते बोलायला तोंड उघडलं. "मारोतराव, तो परिच्छेद…"

तेवढ्यात सरजाबाई आत आली. पांढरं लुगडं, केस पिकू लागलेले. तिनं आणि तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याचं मी ऐकून होते. हातात झाकलेली थाळी. मला नुसतं "काय बाई" म्हटलं, जसं काही काल भेटलो होतो, आणि मारोतरावांपुढे मांडी घालून बसली. भाकर काढली, मोडली, बारीक कुस्करली, वरण ओतून कालवली.

"रोज येतेस?" मी विचारलं.

"मंग काय करू? डाव्या हातानं जेवत नाई हा मानूस. मायनं सांगतलं म्हने. माय मरून जमाना झाला, अन् हा उपाशी बसला होता दोन दिवस."

ती भरवत नव्हती. घास घेऊन त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत ठेवायची, आपल्या हातानं ती बोटं मिटवायची आणि कोपर वर ढकलायची. घास कसाबसा तोंडापर्यंत जाई. अर्धा मांडीवर सांडे. दोन-तीन घासांनंतर मारोतराव म्हणाले, "पुरे सरजा. थकलो बावा."

"थकलो म्हनाचं नाई," ती खेकसली. "कोनं सांगतलं होतं हौदात घालाले? हात तुमचाच होता ना मास्तर? मंग आता खा मुकाट्यानं."

तिनं पुढचा घास त्यांच्या बोटांत ठेवला आणि बोटं मिटवायला लागली. मारोतरावांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, तिचा हात उलटा केला, उजेडाकडे नेला. चष्मा वर सरकवून एकेक बोट पाहिलं, नखं पाहिली, पुन्हा सुलटा करून तळवा पाहिला. मी इतकी वर्षं त्यांना पट्ट्या पाहताना पाहिलं होतं. तसेच पाहत होते.

"साजरा झाला," ते म्हणाले.

सरजानं हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाली, "खा आता. वरन थंडं होऊन राह्यलं."

मग ते जेवले.